नाकारलेल्या चित्रांची यादी कुठे असते? खुल्या प्रदर्शनांतून कलेचा इतिहास वाचताना



आपल्या हिंगोलीत 'प्रदर्शन' म्हटलं की डोळ्यांसमोर रामलीला मैदान येतं. दसऱ्याचं प्रदर्शन, आकाशपाळणे, दुकानांच्या रांगा, शेवटी रावणदहन. आजची पोस्ट मात्र दुसऱ्या प्रकारच्या प्रदर्शनाबद्दल आहे. त्यात कुणीही आपलं चित्र पाठवू शकतं, पण पाठवलेलं प्रत्येक चित्र भिंतीवर लागत नाही. मध्ये एक निवड समिती बसलेली असते.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय. काहींचा कोर्सवर्क सुरू आहे आणि 'विषय काय घेऊ' हा प्रश्न डोक्यात आहे. मी मूळची सायन्सची, एम.एस्सी. करून पीएच.डी.कडे आलेली. त्यामुळे कलेच्या इतिहासावर ही का लिहितेय, असं वाटू शकतं. कारण साधं आहे. डेटा कसा तयार होतो आणि तो आपल्याला कुठे फसवतो, हे समजून घ्यायला खुल्या कला प्रदर्शनांइतकं चांगलं उदाहरण क्वचित मिळतं. आणि हे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं आहे.

'खुलं' म्हणजे नेमकं काय?

आधी यंत्रणा समजून घेऊ. एखादी संस्था जाहीर करते की अमुक तारखेपर्यंत चित्रं, शिल्पं पाठवा. लोक पाठवतात. समिती बसते, काही घेते, काही परत करते. घेतलेल्यांना क्रमांक मिळतो, कॅटलॉग छापला जातो, काहींना पदकं मिळतात, काही चित्रं विकली जातात, वर्तमानपत्रांत परीक्षणं येतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच चक्र.

लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ साली स्थापन झाली आणि १७६९पासून तिथे दरवर्षी असं प्रदर्शन भरतं. पॅरिसचं 'सलों' त्याहून जुनं. १८६३ साली तिथल्या समितीने इतकी चित्रं नाकारली की ओरड झाली आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला परवानगी दिली. एदुआर माने याची चित्रं त्यात होती. आज तो आधुनिक चित्रकलेच्या सुरुवातीच्या मोठ्या नावांपैकी एक मानला जातो. म्हणजे त्या वर्षी समितीने ज्याला बाहेर ठेवलं, त्याला पुढच्या इतिहासाने आत घेतलं.

इथे एक गोष्ट लिहून ठेवा: 'अर्ज कुणीही करू शकतो' आणि 'कुणीही आत येऊ शकतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. संशोधन नियतकालिकांचंही असंच असतं. पेपर कुणीही पाठवतो, छापला कुणाचा जातो हा वेगळा प्रश्न.

मुंबई, १८८८

मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. जमशेटजी जीजीभाईंनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. हेतू मुख्यतः इथल्या कारागिरीला आणि उद्योगाला चांगलं ड्रॉइंग शिकवण्याचा. पण शाळेतून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांनी काम दाखवायचं कुठे? १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि तिची वार्षिक प्रदर्शनं सुरू झाली. सुरुवातीला सोसायटीवर युरोपीय मंडळींचा वरचष्मा होता आणि भाग घेणाऱ्यांतही हौशी युरोपीय बरेच होते.

आता दोन वर्षं बघा. १८९५ साली महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या 'आलीस का लक्ष्मी' या चित्राला सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. कोल्हापूरचा हा मुलगा १८९० साली जे. जे.त दाखल झाला होता, म्हणजे पाच वर्षांत पदक. हे पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. पुढच्याच वर्षी, १८९६ साली, गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्याचं 'मंदिरपथगामिनी' हे प्लास्टरचं शिल्प गाजलं. पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली मराठमोळी तरुणी, पूर्ण मानवी आकारात.

या दोन घटनांना कलेच्या इतिहासात मोठी जागा आहे, आणि ती योग्यच आहे. पण संशोधक म्हणून पुढचा प्रश्न विचारा. पदक देणारे कोण होते? त्यांना काय आवडत होतं? युरोपीय वास्तववादी पद्धतीने, छायाप्रकाश आणि शरीररचना अचूक साधून, विषय मात्र भारतीय घेतलेला. धुरंधर आणि म्हात्रे या दोघांचंही कौशल्य अस्सल होतं. पण त्या कौशल्याला दाद मिळण्यासाठी ते एका ठरावीक साच्यात बसणंही गरजेचं होतं. धुरंधरांनी पुढे जे. जे.तल्या आपल्या एकेचाळीस वर्षांच्या आठवणी मराठीत लिहिल्या. अशा विषयात उतरायचं असेल तर ते पुस्तक मिळवून वाचाच. इंग्रजी कागदपत्रांत संस्था दिसते, इथे माणूस दिसतो.

१९१८ साली दुसरी संस्था आली, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया. सावळाराम हळदणकर तिच्या संस्थापकांपैकी. एका शहरात दोन संस्था, दोन वार्षिक प्रदर्शनं, दोन समित्या. म्हणजे एका दारातून परत आलेलं चित्र दुसऱ्या दारात नेता येऊ लागलं. एकाच मोजमापावर अवलंबून राहू नका असं आपल्याला लॅबमध्ये सांगतात. तो नियम इथे चित्रकारांच्या पथ्यावर पडला.

छेद कुठे आहे?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

समजा तुम्हाला आपल्या जिल्ह्यातल्या हळदीच्या पिकावर अभ्यास करायचा आहे आणि तुम्ही फक्त मोंढ्यात लिलावाला आलेली हळद बघितली. शिजवून, वाळवून, पॉलिश करून, निवडून आणलेली कांडी. ती बघून तुम्ही म्हणालात, "यंदा पीक एकदम पिवळंधमक आहे." वसमतचा कोणताही शेतकरी हसेल. शेतात किती सडलं, काढणीत किती तुटलं, निवडताना किती बाजूला पडलं, यातलं काहीच तुम्ही मोजलेलं नाही.

प्रदर्शनाचा कॅटलॉग म्हणजे मोंढ्यातली हळद. त्यात क्रमांक असतो, शीर्षक असतं, चित्रकाराचं नाव असतं, बऱ्याचदा किंमतही असते. दिसायला एकदम स्वच्छ टेबल. सायन्सवाल्यांना तर ते बघून एक्सेल उघडावंसं वाटतं. उघडा, हरकत नाही. पण लक्षात ठेवा, तुमच्याकडे फक्त अंश आहे, छेद नाही. 'या वर्षी इतक्या स्त्रियांची चित्रं लागली' हे तुम्ही सांगू शकता. 'स्त्रियांची चित्रं जास्त नाकारली जात होती' हे मात्र सांगता येत नाही, कारण किती जणींनी पाठवली होती ती यादी कॅटलॉगमध्ये छापत नाहीत.

स्त्रियांचाच मुद्दा पुढे नेऊ. त्या काळातल्या मुंबईच्या स्त्री चित्रकारांत अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद ही नावं ठळकपणे येतात. अंबिका या एम. व्ही. धुरंधरांच्या कन्या, तर अँजेला या ए. एक्स. त्रिंदाद यांच्या कन्या. दोघींचं काम स्वतंत्रपणे मोठं आहे. पण दोघींच्या घरात इझल, रंग, मॉडेल आणि प्रदर्शनाच्या तारखा जन्मापासून होत्या. ज्या मुलीच्या घरात हे नव्हतं तिने चित्र पाठवलं आणि नाकारलं गेलं, की पाठवलंच नाही? हे दोन वेगळे अडथळे आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या कागदांत शोधावी लागतात. पहिल्याचं समितीच्या इतिवृत्तात, दुसऱ्याचं पत्रांत, आठवणींत, घरातल्या पेटाऱ्यांत.

एक चित्रकार, दोन समित्या

नाकारल्याची नोंद कधीकधी नशिबाने सापडते. अमृता शेरगिलचं उदाहरण घ्या. १९३५ साली तिने सिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीला दहा चित्रं पाठवली. समितीने पाच घेतली, पाच परत केली आणि घेतलेल्यांपैकी एकाला बक्षीस दिलं. तिने ते बक्षीस परत केलं. दोनच वर्षांनी, १९३७ साली, तिच्या 'तीन मुली' या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

हा जवळपास नैसर्गिक प्रयोग आहे. चित्रकार एकच, देश एकच, अंतर दोन वर्षांचं. बदललं काय? शहर आणि समिती. त्या सुमारास मुंबईत जे. जे.चे प्रमुख चार्ल्स जेरार्ड होते, नव्या युरोपीय चित्रकलेकडे मोकळ्या मनाने बघणारे. कार्ल खंडालावालांसारखे जाणकार तिच्या चित्रांच्या बाजूने उभे होते. म्हणून 'दर्जा' हा शब्द वापरताना संशोधकाने नेहमी विचारावं, कुणाच्या नजरेतला दर्जा, कोणत्या वर्षीचा?

इथे एक सावधगिरी. यावरून 'समित्या म्हणजे सगळा पक्षपात' असा निष्कर्ष काढू नका. तोही तितकाच आळशी निष्कर्ष आहे. ज्या सोसायटीने वास्तववादाला वर्षानुवर्षं पदकं दिली तिनेच शेरगिललाही पदक दिलं. समिती म्हणजे दगड नव्हे. माणसं बदलतात, वाद होतात, चवी बदलतात. तो बदल कधी आणि कशामुळे झाला, हा खरा संशोधनाचा प्रश्न.

१९४७: बंडखोर कुठे उभे होते?

१९४७च्या शेवटी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप तयार झाला. एफ. एन. सूझा, एस. एच. रझा, के. एच. आरा, एम. एफ. हुसेन, एच. ए. गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे. जे. जे.ची चाकोरी आणि सोसायट्यांची चव या दोन्हींविरुद्धचं बंड, अशी ही गोष्ट नेहमी सांगितली जाते.

गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. रझांना १९४८ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचंच सुवर्णपदक मिळालं. ग्रुपचं पहिलं प्रदर्शन जुलै १९४९मध्ये भरलं, मुल्कराज आनंद यांच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि जागा कोणती? रॅम्पार्ट रो वरचं बॉम्बे आर्ट सोसायटीचं दालन! ज्या संस्थेच्या चवीविरुद्ध उभं राहायचं, तिच्याच भिंतीवर चित्रं टांगली. यात ढोंग नाही. शहरात भिंतीच मोजक्या होत्या. चळवळींचा इतिहास लिहिताना आपण जाहीरनामे वाचतो, पण हॉल कुणाचा होता आणि भाडं कुणी भरलं हे बघत नाही. ते बघत जा.

सायन्सच्या मित्रांसाठी आणखी एक धागा. या सहा जणांतले गाडे विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, आणि विज्ञानाचे पदवीधर. १९५२ साली काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. त्यामागे सर कावसजी जहांगीर यांची देणगी होती आणि आग्रह धरणाऱ्यांत चित्रकार के. के. हेब्बर यांच्याबरोबर होमी भाभा होते. भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी या पिढीची चित्रं विकतही घेतली. सायन्स इकडे, कला तिकडे ही भिंत आपण बारावीनंतर बांधतो, त्या लोकांनी बांधली नव्हती.

जपानशी तुलना कशासाठी?

तुलना केल्याशिवाय आपल्याकडचं वेगळेपण दिसत नाही, म्हणून थोडं जपानकडे बघू.

तिथे १९०७ साली शिक्षण मंत्रालयानेच पॅरिसच्या धर्तीवर खुलं वार्षिक प्रदर्शन सुरू केलं, 'बुन्तेन'. तीन विभाग: जपानी पद्धतीची चित्रं, पाश्चात्त्य पद्धतीची चित्रं आणि शिल्पं. हस्तकलेला वेगळा विभाग मिळाला तो १९२७ साली, बुन्तेनचाच पुढचा अवतार असलेल्या 'तेइतेन' प्रदर्शनात. विचार करा, लाखकाम आणि चिनी मातीची भांडी यांसाठी जगभर नाव असलेल्या देशात, सरकारी प्रदर्शनात त्यांना स्वतःचा विभाग मिळायला वीस वर्षं लागली. फॉर्मवर रकाना नसेल तर ती गोष्ट 'कला' म्हणून मोजलीच जात नाही. आपल्या डेटाशीटमध्येही असंच होतं. रकाने आधी ठरतात, वास्तव नंतर त्यात कोंबलं जातं.

१९१४ साली काही चित्रकारांनी मागणी केली की पाश्चात्त्य पद्धतीच्या विभागात जुनं आणि नवं असे दोन भाग करा. मागणी मान्य झाली नाही. ते बाहेर पडले आणि त्यांनी 'निका' नावाची संघटना काढून स्वतःचं खुलं प्रदर्शन सुरू केलं. पुढे हाच पायंडा पडला. भांडण झालं की बाहेर पडायचं, नवी संघटना काढायची, नवं प्रदर्शन, नवी समिती. २००७ साली टोकियोत उघडलेल्या राष्ट्रीय कला केंद्राकडे स्वतःचा कायमस्वरूपी संग्रह नाही. अशा संघटनांच्या प्रदर्शनांना दालनं देणं हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक आहे.

समितीच नको, असाही प्रयोग तिथे झाला. योमिउरी या वर्तमानपत्राने १९४९पासून विनानिवड प्रदर्शन भरवलं. जो पाठवेल त्याचं लागेल. तरुणांनी तिथे इतकी धमाल आणि इतके विचित्र प्रयोग केले की शेवटी संग्रहालयानेच आवाज, दुर्गंधी, धारदार वस्तू वगैरेंवर नियम घातले. १९६३नंतर ते प्रदर्शन बंद झालं. म्हणजे समिती काढून टाकली तरी भिंतीचा मालक उरतोच.

आता मुंबईकडे परत या. आपल्याकडे बंडखोर बाहेर पडले, पण त्यांनी स्वतःचं वार्षिक खुलं प्रदर्शन उभं केलं नाही. रझा आणि सूझा परदेशी गेले, ग्रुप विखुरला. नव्या कलेचं केंद्र हळूहळू गॅलरी, संग्राहक आणि समीक्षक यांच्याकडे सरकलं. बॉम्बे आर्ट सोसायटीची वार्षिक प्रदर्शनं चालू राहिली, आजही आहेत. राज्य सरकारचं कला प्रदर्शन आहे, त्यात विद्यार्थ्यांचा आणि कलावंतांचा असे वेगळे विभाग असतात. दिल्लीच्या ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन आहे. पण १९५०नंतरचा कलेचा इतिहास वाचाल तर त्यात गॅलऱ्या आणि मोठी नावं दिसतील, खुली प्रदर्शनं मागे पडलेली दिसतील. ती बंद पडली म्हणून नव्हे, इतिहासकारांची नजर हलली म्हणून.

आणि आपण कुठे?

१८८८ ते १९४८ या काळात हिंगोली मुंबई इलाख्यात नव्हतीच. आपण परभणी जिल्ह्यात, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि आपला जिल्हा तर १ मे १९९९चा. त्यामुळे जुने कॅटलॉग चाळताना आपल्या भागातली नावं दिसली नाहीत, तर 'मराठवाड्यात चित्रकला नव्हती' असं लिहिण्याआधी थांबा. अजिंठ्याची लेणीसुद्धा त्याच संस्थानात होती आणि जे. जे.चे विद्यार्थी ग्रिफिथ्स यांच्याबरोबर तिथे येऊन वर्षानुवर्षं नकला करत होते!

प्रोग्रेसिव्हमधले आरा हैदराबाद संस्थानातल्या बोलारमचे. लहानपणीच पळून मुंबईला गेले, घरकाम केलं, गाड्या धुतल्या आणि कलाशाळेच्या शिक्षणाशिवाय चित्रकार झाले. ते मुंबईत पोहोचले म्हणून कॅटलॉगमध्ये दिसतात. जे पोहोचले नाहीत त्यांचं काय? चित्राला फ्रेम लागते, ती रेल्वेने पाठवायला पैसे लागतात, आणि मुळात अशी जाहिरात निघालीय हे वेळेवर कळावं लागतं. खुल्या प्रदर्शनाचं खरं दार समितीच्या खूप अलीकडे असतं.

हा नुसता हळहळण्याचा विषय नाही, यातून सिनॉप्सिस निघू शकतो. समजा प्रश्न असा घेतला: '१९६०नंतर परभणी आणि हिंगोली भागातून राज्य कला प्रदर्शनासाठी कोण काम पाठवत होतं?' कॅटलॉगमधून निवडलेल्यांची नावं मिळतील. पण पाठवणाऱ्यांची नावं मिळवायला गावात फिरावं लागेल. एक टेबल करा आणि प्रत्येक व्यक्तीसाठी पाच रकाने ठेवा: माहिती कुठून कळली, काम पाठवलं का, निवड झाली का, विकलं गेलं का, कुणी त्याबद्दल लिहिलं का. रकाना रिकामा राहिला तर तिथे 'नाही' लिहू नका, 'नोंद नाही' लिहा. हा फरक तुमच्या अख्ख्या प्रबंधाचा कणा ठरेल.

सुरुवात कुठून करायची? आपण सगळ्यांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत, निदान वर्गातल्या कुणीतरी दिलेली आहे. त्या परीक्षांना बसवणारे चित्रकलेचे सर किंवा बाई आठवा. त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतःची चित्रं मुंबईला, औरंगाबादला पाठवलेली असतात, नाकारल्याची पत्रं जपून ठेवलेली असतात, मागे पार्सलचं लेबल चिकटलेल्या फ्रेमा माळ्यावर असतात. जुन्या पिढीचे हे शिक्षक आता निवृत्त झालेत आणि दर दिवाळीच्या साफसफाईत यातला काही भाग रद्दीत जातो. विषय पक्का व्हायची, गाईड मिळायची, आरआरसी व्हायची वाट बघू नका. या सुट्टीत एका सरांकडे जा, परवानगी घेऊन त्या कागदांचे फोटो काढा, तारीख आणि गाव लिहून ठेवा. नाकारल्याचं पत्र असेल तर ते सगळ्यात आधी.